जुन्या घरातलं ॲस्बेस्टॉस: ॲटिकमधलं व्हर्मिक्युलाइट आणि बेसमेंटमधले पाइप

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीत १९५१ साली बांधलेलं घर घ्यायचं चाललंय. होम इन्स्पेक्टरने अहवालात लिहिलंय की ॲटिकमध्ये व्हर्मिक्युलाइट (फुलवलेल्या खनिजाच्या खड्यांचं इन्सुलेशन) पसरलेलं आहे, बेसमेंटमधल्या हीटिंगच्या पाइपांवर पांढरं आवरण आहे आणि दोन्हींत ॲस्बेस्टॉस असू शकतं. घरात दोन लहान मुलं आहेत. घर सोडून द्यावं का? टेस्ट करावी का? मास्क लावून स्वतःच काढून टाकलं तर? शिवाय गावाकडे आईवडिलांच्या घरावर सिमेंटचे जुने पत्रे आहेत, त्यांचं काय?

आधी उत्तर देतो. एवढ्यासाठी घर सोडायची गरज नाही, पण किंमत ठरवताना हा खर्च धरायलाच हवा. ॲटिकमधल्या व्हर्मिक्युलाइटची टेस्ट करण्यात पैसे घालवू नका, त्यात ॲस्बेस्टॉस आहे असंच धरून चाला. पाइपांच्या आवरणाची टेस्ट मात्र नक्की करा. आणि यातलं काहीही स्वतः काढायला जाऊ नका.

ॲस्बेस्टॉस हे तंतुमय खनिज. त्याचे जे तंतू घातक ठरतात ते डोळ्यांना दिसत नाहीत. केसाच्या जाडीच्या कितीतरी पट बारीक असल्यामुळे ते तासन् तास हवेत तरंगतात आणि श्वासावाटे फुफ्फुसाच्या अगदी शेवटच्या पिशव्यांपर्यंत पोचतात. शरीरातल्या पेशी त्यांना गिळायला जातात, पण लांब तंतू त्यांना पुरता गिळताही येत नाही आणि विरघळवताही येत नाही. मग तिथे वर्षानुवर्षं दाह होत राहतो. त्यातून फुफ्फुसं कडक होणं म्हणजे ॲस्बेस्टॉसिस, फुफ्फुसाचा कर्करोग आणि फुफ्फुसावरच्या किंवा पोटातल्या आवरणाचा कर्करोग, म्हणजे मेसोथेलिओमा, हे आजार होऊ शकतात. यातला अवघड भाग म्हणजे काळ. संपर्क आणि आजार यांच्यात बहुधा १५ ते ४० वर्षं जातात, मेसोथेलिओमात त्याहूनही जास्त. म्हणून आज घरात कोणालाही खोकला नाही, याला पुरावा म्हणून काहीही किंमत नाही. मुलांच्या बाबतीत जास्त काळजी घ्यायची तीही याच कारणाने: त्यांच्यापुढे तेवढी वर्षं आहेत.

पण वस्तू जागेवर शांत पडून असेल तर हवेत तंतू फारसे नसतात. आपल्याला हिशोब करायचा तो घरात ॲस्बेस्टॉस किती आहे याचा नाही, ते कोण, कधी आणि कसं हलवणार आहे याचा.

आता ॲटिक. व्हर्मिक्युलाइट हे अभ्रकाच्या जातीचं खनिज. भट्टीत तापवलं की ते फुलतं आणि हलके, थरथरांचे, करड्या-तपकिरी किंवा सोनेरी चमक असलेले खडे तयार होतात. पिशवी फोडायची आणि जॉइस्टांच्या (छताच्या लाकडी तुळयांच्या) मध्ये ओतायची, एवढंच काम असल्याने ते खूप खपलं. खनिज म्हणून ते निरुपद्रवी आहे. घोटाळा खाणीत झाला. मोंटाना राज्यातल्या लिबी गावच्या खाणीत व्हर्मिक्युलाइटच्या सोबतीने ट्रेमोलाइटच्या गटातलं ॲस्बेस्टॉस होतं, आणि १९१९ ते १९९० या काळात अमेरिकेत विकलेल्या व्हर्मिक्युलाइटपैकी ७० टक्क्यांहून जास्त माल याच एका खाणीतला होता. इन्सुलेशनसाठी तो झोनोलाइट या नावाने विकला जाई. लिबीत खाणकामगार तर आजारी पडलेच, पण त्यांच्या कपड्यांवरून घरी आलेल्या धुळीने बायकामुलंही आजारी पडली. २००९ साली ईपीए या पर्यावरण संस्थेने तिथे सार्वजनिक आरोग्य आणीबाणी जाहीर केली. म्हणून तुमच्या ॲटिकमध्ये हे खडे असतील तर ते लिबीचेच आहेत असं धरायचं.

दिसण्यात गफलत होऊ नये. गुलाबी किंवा पिवळ्या गाद्या असतील तर ती फायबरग्लास. वर्तमानपत्राच्या लगद्यासारखा करडा कापूस असेल तर सेल्युलोज. करडी-पांढरी, लोकरीसारखी गुठळी असेल तर रॉकवूल. पण एक पाहाच: वरती फायबरग्लासच्या गाद्या टाकल्या असल्या तरी खाली जुनं व्हर्मिक्युलाइट अनेक घरांत तसंच असतं. गादी उचलून बघू नका. इन्स्पेक्टरला सांगा की झडपेपाशी, कडेच्या फटीतून टॉर्च मारून जॉइस्टच्या तळाशी काय आहे ते फोटोत दाखवा.

टेस्ट का नको? व्हर्मिक्युलाइटमधलं ॲस्बेस्टॉसचं प्रमाण वजनात पुष्कळदा एक टक्क्याच्या आत असतं, आणि प्रयोगशाळेची नेहमीची पद्धत, म्हणजे ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी, इतक्या कमी प्रमाणाला भरवशाची नाही. त्यात बारीक तंतू खड्यांमधून गळून तळाला बसतात. वरवरची मूठभर भरून पाठवली की ‘आढळले नाही’ असं उत्तर येतं, घरमालक निर्धास्त होतो आणि दुसऱ्या दिवशी फावडं घेऊन ॲटिकमध्ये चढतो. हलवल्यावर मात्र तेवढ्याशा प्रमाणातूनही हवेत भरपूर तंतू जातात. चुकीचा दिलासा देणारी टेस्ट ही टेस्ट न करण्यापेक्षा वाईट.

ॲटिकमध्ये कोणी गेलंच नाही तरी धूळ खाली येण्याच्या वाटा असतात. पहिली वाट ॲटिकची झडप. ती ओढली की कडेचे दहावीस खडे पॅसेजच्या गालिच्यावर पडतात, कोणीतरी घरच्या व्हॅक्यूमने ते ओढून घेतं आणि साध्या फिल्टरमधून बारीक तंतू मागून खोलीभर बाहेर फेकले जातात. दुसरी वाट छतातल्या दिव्यांचे बॉक्स. तिसरी बाथरूमचा पंखा: तो बदलायला कारागीर खालून जुना डबा खेचतो आणि त्याच्यासोबत अर्धी बादली व्हर्मिक्युलाइट टबात कोसळतं. चौथी वाट भिंती. वरून ओतलेलं पुष्कळ घरांत भिंतींच्या पोकळीत उतरलेलं असतं आणि प्लगचा बॉक्स उघडला की तिथूनही सांडतं.

न्यू जर्सीच्या घरांत आणखी एक गोष्ट हमखास सापडते. मूळ घर रेडिएटरचं, एसी नंतर बसवलेला, आणि त्याचं एअर हँडलर (डक्टमधून हवा ओढणारं-ढकलणारं यंत्र) ॲटिकमध्ये. म्हणजे बसवणारी माणसं त्या थरातून चालून गेलेली, आणि रिटर्न डक्टचा एखादा सांधा सैल असेल तर यंत्र ॲटिकची हवा ओढून थेट बेडरूममध्ये सोडतंय. तुमच्या घरात असं असेल तर ‘तसंच राहू दे’ हा पर्याय मी सुचवणार नाही, कारण एसीच्या दुरुस्तीला दरवर्षी कोणीतरी वर चढणारच.

एअर हँडलर वर नसेल, वायरिंग अलीकडची असेल आणि ॲटिकमध्ये पुढची दहा वर्षं काही काम नसेल, तर जागेवर ठेवणं हा शहाणपणाचा मार्ग आहे. मग ठेवायची रीत अशी. झडपेला चारी बाजूंनी फोमची पट्टी लावा आणि ती कायमची बंद ठेवा. वर बॅगा, गणपतीच्या मखराचं सामान, दिवाळीचे खोके असं काहीही ठेवायचं नाही. दिव्यांच्या बॉक्सभोवतीच्या आणि छत-भिंतीच्या फटी खालूनच सीलंटने भरून घ्या. छतात खोल बसवलेले जुने दिवे असतील तर ते स्वतः बंद करू नका, गरम होऊन आग लागू शकते, ते इलेक्ट्रिशियनचं काम. वीजबिल कमी करण्यासाठी कोणी ब्लोअर डोअर टेस्ट सुचवली तर आधी व्हर्मिक्युलाइट आहे हे सांगा. त्या टेस्टमध्ये दाराला पंखा लावून घरातली हवा बाहेर ओढतात, आणि तिची जागा घ्यायला ॲटिकची हवा प्रत्येक फटीतून खाली येते. केबलवाला, अलार्मवाला, सोलरवाला, जो कोणी वर जाणार असेल त्याला आधी सांगणं हे तुमचं काम.

काढायचंच ठरलं तर किती माल निघतो याचा अंदाज घ्या. १००० चौरस फुटांवर ४ इंचांचा थर म्हणजे सुमारे ३३० घनफूट, वजनाने साधारण टनभर. ते पिशव्यांत भरून जिन्यावरून उतरवण्याचं काम नव्हे. कंत्राटदार बाहेर उभ्या केलेल्या मोठ्या हेपा व्हॅक्यूमच्या (अतिसूक्ष्म कण अडवणारा फिल्टर असलेल्या) जाड नळीने ते ओढून घेतात, मग जॉइस्टांवर आणि छपराच्या कोपऱ्यांत राहिलेलं हाताने साफ करतात आणि शेवटी लाकडावर उरलेले तंतू धरून ठेवणारा द्रव फवारतात. खर्च दहा हजार डॉलरच्या पुढे सहज जातो. झोनोलाइटसाठी मूळ कंपनीच्या दिवाळखोरीच्या तडजोडीतून एक ट्रस्ट उभा राहिला, तो काढण्याच्या खर्चाचा काही वाटा परत देण्यासाठी आहे. त्याच्याकडे दावा करायचा तर काम सुरू होण्याआधीच त्याचे चालू नियम वाचून मागितलेले नमुने, फोटो आणि पावत्या जपून ठेवा. माल फेकून दिल्यावर झोनोलाइट होतं हे सिद्ध करता येत नाही.

काढण्याच्या बाजूने आणखी एक मुद्दा आहे. व्हर्मिक्युलाइट इन्सुलेशन म्हणूनही कमजोरच. उष्णता अडवण्याच्या ‘आर’ मापात दर इंचाला आर-२ च्या किंचित वर, म्हणजे ४ इंचांना जेमतेम आर-९. आज तिकडच्या हवामानात ॲटिकला आर-४९ ते आर-६० सुचवतात. त्या थरावर नवीन सेल्युलोज फुंकून मोकळं होण्याचा सल्ला काही जण देतात. मला तो पटत नाही. फुंकताना खालचा थर हलतो, आणि पुढे काढायची वेळ आली तर सगळाच्या सगळा ढीग ॲस्बेस्टॉसचा कचरा ठरतो.

आता बेसमेंट. इथे टेस्ट उपयोगी आहे, कारण पाइपांच्या आवरणात असलंच तर ॲस्बेस्टॉस भरपूर असतं आणि सरळ सापडतं. तुकड्याची कड बघितली आणि पुठ्ठ्याच्या खोक्यासारखे पन्हळी थर दिसले, वरून पांढरं कापड गुंडाळलेलं, तर तो ॲस्बेस्टॉस-कागदाचा ‘एअर-सेल’ प्रकार. पांढरं, खडूसारखं भरीव आवरण असेल तर ते मॅग्नेशियाचं, त्यातही ॲस्बेस्टॉस मिसळलेलं असे. फसवणारी जागा म्हणजे एल्बो आणि व्हॉल्व्ह. सरळ पाइपावर पिवळी फायबरग्लास असते, ते बघून लोक निवांत होतात, पण वळणांवर हाताने थापलेला करडा लेप असतो आणि त्यातच ॲस्बेस्टॉस निघतं. म्हणून सरळ पाइप आणि वळणं यांचे नमुने वेगवेगळे हवेत, एकेका प्रकाराचे किमान तीन. साच्यात घडवलेल्या अशा भुसभुशीत पाइप-आवरणावर ईपीएने १९७५ मध्ये बंदी घातली, तेव्हा १९५१ च्या घरात मूळ आवरण शिल्लक असेल तर शक्यता मोठीच.

नमुना परवानाधारक तपासनीसाकडूनच घ्या. तो काय करतो ते माहीत असू द्या, म्हणजे कामचुकारपणा कळेल. आधी घरातले पंखे आणि एसी बंद. खाली प्लास्टिक. भांडी घासायच्या साबणाचे दोनचार थेंब टाकलेल्या पाण्याने जागा भिजवायची. मग धातूच्या पाइपापर्यंतचे सगळे थर येतील असा नाण्याएवढा तुकडा काढायचा, वरचं कापडच फक्त नाही. बंद पिशवी, नंबर, ओल्या कागदाने हत्यार पुसणं आणि भोक टेपने बंद करणं. कोरड्यावर चाकू चालवणाऱ्याला तिथेच थांबवा. प्रयोगशाळेचा खर्च एका नमुन्याला साधारण ३० ते ८० डॉलर. एक टक्क्याच्या वर निघालं की कायद्याने ते ॲस्बेस्टॉसयुक्त.

घर घेण्याआधी कोणी ‘हवेची टेस्ट करून देतो’ म्हणेल. ती त्या दिवशी, त्या तासाला, दारं बंद असताना हवेत काय होतं एवढंच सांगते. बॉयलर बदलताना प्लंबर त्या आवरणावर हातोडा मारील त्या दिवसाबद्दल ती काहीच सांगत नाही.

आवरण धड असेल, फक्त टोकं विस्कटलेली असतील, तर ती ओल्या कापडी पट्टीने आणि जाड एन्कॅप्स्युलंट (तंतू आत कोंडून ठेवणाऱ्या) रंगाने बंद करून ठेवता येतात. पण बेसमेंटमध्ये मुलांची खेळायची खोली करायची असेल, किंवा बॉयलर वीस-पंचवीस वर्षांचा होऊन बदलायच्या रांगेत असेल, तर आधीच काढून घ्या. थोड्या लांबीसाठी ग्लोव्हबॅग वापरतात: हातमोजे जोडलेली प्लास्टिकची पिशवी पाइपाला हवाबंद बांधायची, आत पाणी फवारत आवरण कापायचं, पाइप पुसायचा, आतली हवा हेपा व्हॅक्यूमने ओढायची आणि पिशवी पिळून उतरवायची. जुने पाइपच टाकून द्यायचे असतील तर त्याहून सोपं आणि स्वस्त म्हणजे आवरणासकट पाइप प्लास्टिकच्या दोन थरांत गुंडाळून, आवरण नसलेल्या जागी कापून, अख्खे बाहेर नेणं. हा पर्याय कंत्राटदार आपणहून सांगतीलच असं नाही. विचारा.

बाकीच्या गोष्टी पटकन. पत्र्याच्या डक्टच्या सांध्यांवरची पांढरी कागदी टेप बहुधा ॲस्बेस्टॉसची असते. घट्ट असेल तर हात लावू नका, टोक सुटलं असेल तर रंगाने बसवा. बेसमेंटच्या फरशीवर ९ इंची चौकोनी टाइल आणि खाली काळा डांबरी गोंद असेल तर तिच्यावर नवीन फरशी घाला, घासू नका. छताचा दाणेदार लेप कोरडा खरवडू नका.

स्वतः न करण्याचा आग्रह का, तेही सांगतो. फेडरल नियम चार किंवा त्याहून कमी कुटुंबांच्या घरांना लागू होत नाहीत, त्यामुळे कायद्याने काही हरकत दिसत नाही असं वाटून लोक स्वतः उतरतात. साधा कागदी मास्क पुरत नाही, पी-१०० फिल्टरचा, चेहऱ्याला घट्ट बसवून तपासलेला रेस्पिरेटर लागतो, आणि दाढी असली की तोही गळतो. कपडे घरच्या मशीनमध्ये गेले की मुलांच्या कपड्यांनाही तंतू लागतात. आणि एकदा अख्ख्या घरात धूळ पसरली की गाद्या, सोफे, डक्ट यांची सफाई मूळ कामाच्या कितीतरी पट महाग पडते.

कंत्राटदाराकडे राज्याच्या लेबर डिपार्टमेंटचा ॲस्बेस्टॉसचा परवाना हवा. कोटेशनमध्ये या गोष्टी लिहिलेल्या हव्यात: ६ मिल (०.००६ इंच) जाडीच्या प्लास्टिकचे दोन थर, हेपा फिल्टरचं यंत्र लावून हवा घराबाहेर सोडणं, कामाच्या जागेत बाहेरच्यापेक्षा किमान ०.०२ इंच पाण्याइतका कमी दाब (म्हणजे धूळ बाहेर जात नाही), तासाला चार वेळा हवाबदल, कामगारांसाठी कपडे बदलण्याची आणि धुण्याची जागा, आणि दुहेरी पिशव्यांत भरलेला कचरा कुठल्या लँडफिलला जाणार. काम संपल्यावरची तपासणी करणारा माणूस कंत्राटदाराचा नको, तो तुम्ही नेमा, तुम्ही पैसे द्या. तो आधी डोळ्यांनी बघतो, कुठेही चुरा दिसला तर तिथेच नापास. मग ब्लोअरने धूळ उडवून हवेचे नमुने घेतो. दर घनसेंटिमीटरला ०.०१ तंतूंपर्यंत निकाल आला तर पास.

सौद्याबद्दल. न्यू जर्सीत करारावर सह्या झाल्यावर वकिलाच्या तपासणीचे तीन कामाचे दिवस असतात, आणि इन्स्पेक्शनची मुदत वेगळी असते. त्या मुदतीतच कोटेशन मिळवा. विकणाऱ्याला ‘तुम्ही काढून द्या’ म्हणू नका. तो सगळ्यात स्वस्त माणूस आणील आणि मागे काय राहिलं ते तुमच्या वाट्याला येईल. किंमत कमी करून घ्या किंवा क्लोजिंगला, म्हणजे अंतिम व्यवहाराच्या दिवशी, विकणाऱ्याकडून तेवढं क्रेडिट (रकमेत सूट) घ्या (कर्ज देणाऱ्या लेंडरला आधी विचारून), आणि काम तुमच्या देखरेखीखाली, घर रिकामं असताना, सामान येण्याआधी करा. रिकाम्या घरात हे काम काही दिवसांचं असतं. राहत्या घरात त्याची डोकेदुखी होते.

कोणी आधीच एखाद्या वेळी ॲटिक झाडलं असेल तर घाबरून सीटी स्कॅनला धावू नका. धोका एकूण किती तंतू, किती काळ आत गेले यावर वाढतो, एकदोनदा झालेल्या संपर्काने तो फार वाढत नाही, आणि आत्ताच्या स्कॅनमध्ये काही दिसणारही नाही. डॉक्टरांच्या नोंदीत ते लिहून घ्या. धूम्रपान असेल तर मात्र आजच सोडा, कारण ॲस्बेस्टॉस आणि सिगारेट मिळून फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका दोन्हींच्या बेरजेपेक्षा जास्त वाढवतात.

गावाकडचे पत्रे. त्यांत तंतू सिमेंटमध्ये पक्के अडकलेले असतात, म्हणून ॲटिकच्या खड्यांपेक्षा किंवा पाइपाच्या लेपापेक्षा ते बरेच कमी धोक्याचे. धड पत्र्याखाली राहायला हरकत नाही. घात होतो तो चार कामांत: ग्राइंडरने कापणं, ड्रिलने भोकं पाडणं, पावसाळ्याआधी शेवाळ तारेच्या ब्रशने कोरडं घासणं, आणि फुटके तुकडे वाटेवर भर म्हणून टाकणं, जिथे ते गाड्यांखाली दळले जातात. पत्रा काढायचाच तर आधी भिजवा, हूक हाताच्या करवतीने कापा, पत्रा अख्खा उतरवा, फेकू नका, आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवा. जुना पत्रा ठिसूळ होतो आणि माणसाच्या वजनाने एकदम फुटतो. आईवडिलांना सांगा की गळती बुजवायला कोणालाही थेट पत्र्यावर पाय देऊ देऊ नये, पत्र्यांवर, खालच्या वाशांचा आधार मिळेल अशा आडव्या फळ्या टाकूनच चढावं. त्या छपरावर तंतूंच्या आधी पडण्यानेच जीव जाऊ शकतो.

तुमच्या घराच्या फाइलमध्ये इन्स्पेक्टरचा अहवाल, प्रयोगशाळेचे निकाल, हवेच्या तपासणीचा पास झाल्याचा कागद आणि कचरा लँडफिलला पोचल्याची पावती ठेवा. व्हर्मिक्युलाइट जागेवरच ठेवलंत तर झडपेच्या खालच्या बाजूला ठळक अक्षरांत इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये सूचना चिकटवा, कारण तिथे शिडी लावणारा माणूस तुमची फाइल वाचून येणार नाही.